वकिलांनी कोर्टात जमा झालेलं भाडं काढून स्वतःकडेच ठेवलं: सनदेविरुद्ध तक्रार कुठे आणि कशी करायची? (इंदूर)

अनघा_सुदामानगर:

नमस्कार मंडळी. मावशीच्या वतीने विचारते आहे. तिचं वय ७४, रामबागेत एकटी राहते. घराखालचं दुकान भाड्याने दिलेलं आहे आणि ते रिकामं करून मिळावं म्हणून २०२१ पासून इंदूर जिल्हा न्यायालयात दावा चालू आहे. भाडेकरू दरमहा ८,००० रुपये कोर्टात जमा करतो.

आता ऑर्डर शीट पाहिल्यावर कळलं की आमच्या वकिलांनी मार्च २०२३ मध्ये १,९२,००० आणि सप्टेंबर २०२४ मध्ये १,४४,००० रुपये काढले. मावशीला दोन्ही वेळा कळवलं नाही. मध्ये एकदा "खर्चाला असू द्या" म्हणून वकिलांनी मावशीला ६०,००० रोख दिले होते, पावती नाही. फी ५०,००० ठरली होती, त्यातले ४०,००० चेकने दिलेले आहेत. विचारल्यावर म्हणतात, बाकी सगळं फीत आणि खर्चात वळतं केलं. फाइल देत नाहीत, दुसऱ्या वकिलासाठी एनओसीही देत नाहीत. सप्टेंबरच्या अर्जावरची सही आपली नाही असं मावशी म्हणते, पण तिने सुरुवातीला काही कोऱ्या कागदांवर सह्या दिल्या होत्या हेही खरं आहे. तिच्याकडे मराठीत लिहिलेली हिशेबाची वही आहे.

पैसे परत हवेत आणि अशा माणसाची सनद (वकिलीचा परवाना) राहू नये असंही वाटतं. कोणी ग्राहक मंचात जा म्हणतं, कोणी पोलिसात. नेमकं कुठून सुरू करायचं?

दिवाणी_एमजीरोड:

ताई, तक्रारीचं नंतर बघू. ऑक्टोबर २०२४ पासूनचं भाडं अजून कोर्टातच पडून असणार, म्हणजे लाखाच्या वर रक्कम. जुना वकालतनामा (वकील नेमल्याचं अधिकारपत्र) रेकॉर्डवर आहे तोवर तीही निघू शकते. ते आधी थांबवा.

मावशींच्या सहीने त्याच दाव्यात दोन अर्ज द्यायचे. पहिला, वकालतनामा संपुष्टात आणण्याचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे वकालतनामा नुसत्या पत्राने संपत नाही. पक्षकाराच्या सहीचं लेखी निवेदन लागतं आणि कोर्टाची परवानगी लागते. दुसरा अर्ज असा की यापुढे जमा रक्कम फक्त अर्जदाराच्या बँक खात्यातच द्यावी, कोणाही प्रतिनिधीच्या हाती देऊ नये. पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स जोडा. हे दोन्ही अर्ज पुढच्या पेशीपर्यंत (तारखेपर्यंत) ठेवू नका, लवकर सुनावणीचा अर्ज लावून आधी घ्या.

एनओसीची चिंता फार करू नका. आधीच्या वकिलाची संमती नसेल तर नव्या वकिलाने कारण लिहून कोर्टाची परवानगी घ्यायची आणि मग हजर व्हायचं, हे बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नियमांतच (नियम ३९) लिहिलेलं आहे. एनओसी नाही म्हणून पक्षकाराला वकीलच मिळू नये, असा अर्थ कोणी सांगत असेल तर तो चुकीचा आहे.

फाइल मिळत नसली तरी दावा अडत नाही, कारण मूळ रेकॉर्ड कोर्टात आहे. नकल शाखेतून प्रमाणित प्रती काढा: वकालतनामा, २०२१ पासूनची संपूर्ण ऑर्डर शीट, पैसे काढण्याचे दोन्ही अर्ज, त्यावरचे आदेश, आणि रक्कम कोणाच्या सहीने किंवा कोणत्या खात्यात गेली तो कागद. शेवटचा कागद बहुतेक लोक विसरतात. आदेशात "अर्जदारास रक्कम अदा करावी" एवढंच असतं, प्रत्यक्ष घेतली कोणी हे नाजिराच्या (कोर्टाचा पैशांचा हिशेब पाहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) नोंदीतूनच कळतं. वकालतनाम्यातलं छापील कलमही वाचून ठेवा. रक्कम स्वीकारण्याचा अधिकार बहुतेक छापील नमुन्यांत दिलेला असतो. तो असला तर पैसे काढणं गैर ठरणार नाही, पण काढून न देणं ठरेल. तक्रार लिहिताना हा फरक सांभाळा.

आणि मावशींना महिला म्हणून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो (विधिक सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७, कलम १२). जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधिक सेवा प्राधिकरण आहे. आज गावातला वकील गावातल्या वकिलाविरुद्ध उभा राहायला कचरतो, तेव्हा हा रस्ता कामाचा आहे.

शिस्तपालन_जबलपूर:

वरचं सगळं बरोबर. आता तक्रारीविषयी.

ग्राहक मंचाचा विचार सोडा. १४ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही असा निकाल दिला आहे. सनदेसंबंधी अधिकार राज्याच्या बार कौन्सिलचा. आपल्याकडे ती मध्यप्रदेश राज्य अधिवक्ता परिषद, जबलपूर, उच्च न्यायालयाच्या आवारात. आधी वकालतनाम्यावरचा नोंदणी क्रमांक पाहा. तो एम.पी. ने सुरू होत असेल तर जबलपूर. काही वकील इंदुरात बसतात पण नाव दुसऱ्या राज्याच्या रोलवर (वकिलांच्या नोंदणी यादीत) असतं. तसं असेल तर ज्या राज्याचा रोल, तिथेच तक्रार.

तक्रारीआधी एक पत्र पाठवा, स्पीड पोस्टने, पोच आणि ट्रॅकिंगचं पान जपून. त्यात आरोप करू नका, रागही नको. एवढंच मागा: अमुक दाव्यात अमुक तारखांना काढलेल्या रकमांचा हिशेब, मूळ कागदपत्रं, आणि उरलेली रक्कम, १५ दिवसांत, अमुक खात्यावर. बार कौन्सिलच्या त्याच नियमांतल्या नियम ३० प्रमाणे हिशेबाची प्रत मागणं हा पक्षकाराचा हक्क आहे. उत्तर आलं तर त्यांची बाजू तुमच्या हाती लेखी येते. नाही आलं तर ते न येणंही पुरावाच.

तक्रार म्हणजे साधं पत्र नव्हे. ती याचिकेच्या रूपात असावी लागते, सही आणि दिवाणी दाव्यासारखं सत्यापन लागतं, ठरलेलं शुल्क लागतं. हिंदीत चालते, ती आपली राज्यभाषा आहे. शुल्क आणि किती संच हे कार्यालयाला आधी विचारून घ्या, कारण कमी पडलं की तक्रार त्रुटीत अडकते आणि महिने जातात. मावशींची वही मराठीत आहे, तिच्या लागणाऱ्या पानांचा हिंदी अनुवाद आणि अनुवादकाचं शपथपत्र जोडा. सही मावशींचीच असू द्या. कायद्यात फक्त पक्षकारानेच तक्रार करावी असं नाही, पण ज्याचे पैसे गेले त्याची सही असली की प्रश्न उरत नाहीत.

आता मजकूर. सर्वाधिक तक्रारी इथेच फसतात. लोक आठ-दहा पानं लिहितात: वकील उद्धट बोलले, पेशीला आले नाहीत, समोरच्याशी मिळाले आहेत. यातलं बरंचसं सिद्ध होत नाही, आणि जे सिद्ध होण्यासारखं असतं तेही त्यात बुडतं. या कारवाईला जवळपास फौजदारी आरोपासारखा पुरावा लागतो, नुसता संशय पुरत नाही. म्हणून एक आरोप, एक परिच्छेद, एक कागद. उदाहरणार्थ:

"दिनांक … मार्च २०२३ रोजी प्रतिवादी अधिवक्त्यांनी दावा क्रमांक … मध्ये अर्जदारातर्फे १,९२,००० रुपये प्राप्त केले (परिशिष्ट ४, ऑर्डर शीट, परिशिष्ट ५, अदायगीची नोंद). रक्कम मिळाल्याची सूचना अर्जदारास देण्यात आली नाही. दिनांक … च्या पत्राने हिशेब मागूनही (परिशिष्ट ८) तो देण्यात आला नाही."

असाच दुसरा परिच्छेद सप्टेंबरच्या रकमेचा, तिसरा फाइल अडवल्याचा. खाली नियमांचे आकडे द्या. नियम २५: पक्षकाराच्या पैशाचा तारीखवार हिशेब ठेवणं. नियम २६: काम चालू असताना खर्चासाठी दिलेली रक्कम लेखी संमतीशिवाय फीत न वळवणं. नियम २७: पक्षकारातर्फे रक्कम मिळाली की शक्य तितक्या लवकर कळवणं.

ते "फीत वळतं केलं" म्हणतात ना, त्याला उत्तर नियम २८ मध्ये आहे. हातात आलेल्या रकमेतून फी वळती करायची मुभा वकिलाला आहे, पण प्रकरण संपल्यावर, आणि ठरलेल्या फीपुरती. तुमचा दावा चालू आहे. आणि ठरलेल्या फीतले १०,०००च बाकी आहेत. हिशेब तक्रारीत तसाच मांडा: मिळाले ३,३६,०००, दिले ६०,०००, उरले २,७६,०००, फीची बाकी धरली तरी २,६६,०००.

ते ६०,००० लपवू नका. पावती नाही म्हणून ते सोडून द्यायचा मोह होतो. उलटतपासणीत मावशींनी "हो, मिळाले होते" म्हटलं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

सहीचं जपून. मावशींची खात्री असेल तरच "ही सही माझी नाही" असं लिहा. कोऱ्या कागदांवर सह्या दिल्या होत्या हे खरं असेल तर तेच लिहा, किती आणि केव्हा आठवतं तेवढं. कोऱ्या सहीचा गैरवापर हाही गंभीर आरोप आहे. राजस्थानच्या डी. पी. चढ्ढा प्रकरणात (२०००) अगदी हाच मुद्दा होता, कोऱ्या वकालतनाम्याचा उपयोग भाड्याच्या दाव्यात तडजोड दाखवायला केला होता. खोटी सही म्हणालात आणि हस्ताक्षर तज्ज्ञाने ती मावशींचीच ठरवली, तर खरी तक्रारही पडेल. तज्ज्ञाला मूळ कागद लागतो, झेरॉक्सवरचं मत कच्चं असतं. मूळ अर्ज कोर्टाच्या फाइलमध्ये आहे, तो समिती मागवू शकते. तुलनेसाठी त्याच काळातल्या बँकेतल्या, पेन्शनच्या कागदावरच्या सह्या शोधून ठेवा.

व्हॉट्सॲपवर काही बोलणं झालं असेल तर फोन बदलू नका, चॅट पुसू नका. छापील प्रतीबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने.

फौजदारी_राजवाडा:

दोन गोष्टींची भर, दोन्ही घड्याळाशी बांधलेल्या आहेत.

बार कौन्सिल पैसे वसूल करून देत नाही. ती खर्च देववू शकते, पण तुमचे २,६६,००० मिळावेत असा हुकूमनामा तिथून निघत नाही. त्यासाठी वसुलीचा दिवाणी दावा, आणि त्याला साधारण तीन वर्षांची मुदत. मार्च २०२३ ची रक्कम धरली तर ती मार्च २०२६ मध्ये भरते. हिशेब मागून नाकारल्याच्या तारखेपासून किंवा फसवणूक कळल्यापासून मुदत मोजा, असा युक्तिवाद करता येतो, पण युक्तिवादावर पैसे टांगू नका. मार्चच्या आत दावा दाखल झालेला असू द्या. जबलपूरचा निकाल लागला की बघू, असं म्हणून थांबणारे इथे कायमचे पैसे घालवून बसतात. उलट, बार कौन्सिलकडे तक्रार करायला कायद्यात मुदत लिहिलेली नाही, तरी उशिराचं कारण विचारलं जातंच.

फौजदारी बाजूने हा विश्वासघाताचा गुन्हा होतो. तारखांमुळे तुमच्या दोन रकमांना दोन कायदे लागतील. मार्च २०२३ च्या रकमेला भारतीय दंड संहितेचं कलम ४०९, आणि १ जुलै २०२४ नंतरच्या, म्हणजे सप्टेंबरच्या रकमेला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६(५). दोन्हींत बँकर, दलाल, एजंट यांच्याबरोबर ॲटर्नीही आहे आणि शिक्षा आजीवन कारावास किंवा दहा वर्षांपर्यंत आहे. फिर्यादीत दोन्ही तारखा स्पष्ट लिहा. ठाण्यात "हे दिवाणी प्रकरण आहे" हे ऐकायला मिळेल. त्यावर लेखी अर्ज, मग पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे अर्ज, मग दंडाधिकाऱ्याकडे, हा क्रम. पायऱ्या गाळल्या तर दंडाधिकारी परत पाठवतात.

माझ्या मते आधी पोलिसात जावं. त्याने पैसे लवकर सुटतात, आणि एवढा पुरावा असला की सनद जाणारच आहे.

शिस्तपालन_जबलपूर:

दादा, शेवटच्या दोन्ही वाक्यांशी मी सहमत नाही. फिर्याद पैसे काढायचा चिमटा म्हणून वापरली की बचाव पक्ष तेच धरून बसतो, आणि हा फीचा वाद आहे असं चित्र उभं राहतं. आधी हिशेबाचं पत्र, मग तक्रार आणि दिवाणी दावा, आणि सहीचा आरोप पक्का असेल तर त्याबरोबर फिर्याद. तिन्ही कारवाया एकाच वेळी चालू शकतात, त्यात कायद्याची आडकाठी नाही. मात्र तिन्हींकडे आकडे आणि तारखा हुबेहूब त्याच हव्यात.

आणि "सनद जाणारच" असं कोणी सांगू नये. अधिवक्ता अधिनियमाच्या (वकिलांच्या कायद्याच्या, पुढची कलमंही त्याचीच) कलम ३५ प्रमाणे बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीसमोर चार रस्ते असतात: तक्रार फेटाळणं, समज देणं, काही काळ निलंबन, आणि रोलवरून नाव काढणं. कशाला काय होतं हे समजायला दोन निकाल बघा.

पहिला आपल्याच राज्यातला, आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा, २०००. भोपाळच्या सहकारी बँकेने वकिलांना काढलं. त्यांनी ९७,१०० रुपये फी बाकी आहे म्हणून फाइली अडवून ठेवल्या. सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितलं की फीसाठी पक्षकाराच्या फाइलवर वकिलाचा ताबा हक्क नाही. फाइल परत करायची, फीसाठी वेगळा उपाय शोधायचा. तरी शिक्षा काय झाली? बार कौन्सिल ऑफ इंडियाने (राज्यांच्या कौन्सिलवरची दिल्लीतली संस्था) १८ महिन्यांची बंदी आणि दंड दिला होता, तो न्यायालयाने समज देण्यापर्यंत खाली आणला, कारण आपल्याला तसा हक्क आहे असं त्या वयोवृद्ध वकिलांना प्रामाणिकपणे वाटत असावं आणि तोवर या प्रश्नावर स्पष्ट निकालही नव्हता. आज २००० चा निकाल समोर असताना ती सबब तितकी चालणार नाही. पण नुसत्या फाइलीवरून सनद जाईल, ही अपेक्षा धरू नका.

दुसरा हरीश चंद्र तिवारी विरुद्ध बैजू, २००२. भूसंपादनाच्या भरपाईचे ८,११८ रुपये वकिलांनी कोर्टातून काढले आणि पक्षकाराला दिलेच नाहीत. कारवाई सुरू झाल्यावर तडजोड झाल्याचं पक्षकाराच्या नावाचं शपथपत्र दाखल केलं, ते बनावट निघालं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने तीन वर्षांचं निलंबन दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते अपुरं ठरवलं आणि रोलवरून नाव काढलं. रक्कम आठ हजार होती, आणि तरीही. गरीब, निरक्षर म्हाताऱ्या माणसाचा पैसा त्याच्याच वकिलाने ठेवावा, हे न्यायालयाने सर्वांत गंभीर गैरवर्तनांत धरलं.

म्हणून तुमच्या तक्रारीत फाइलीचा मुद्दा तिसरा, पैशाचा पहिला. उलटं करू नका.

अनघा_सुदामानगर:

खूप आभार. काल वकिलांचा निरोप आला की दीड लाख देतो, "सर्व हिशेब पूर्ण झाला, काही तक्रार नाही" असं लिहून सही द्या. मावशी डगमगते आहे. शिवाय जबलपूरला तिला किती वेळा जावं लागेल? आणि हे किती वर्षं चालतं?

दिवाणी_एमजीरोड:

त्या कागदावर सही नको. पैसे घ्यायला हरकत नाही, पण खात्यावर, आणि पावतीत "दावा क्रमांक … मधील काढलेल्या रकमेपैकी अंशतः १,५०,००० मिळाले, उरलेल्या रकमेचा हक्क राखून" हे शब्द. रोख घेऊ नका. त्यांनी अशी अंशतः पावती स्वीकारली तर रक्कम देणं होती हे त्यांनीच मान्य केल्यासारखं होईल, म्हणून बहुधा ते नाकारतील. तो नकारही लेखी मिळाला तर ठेवा. आणि स्टॅम्प पेपर, कोरा कागद, अंगठा, काहीही मावशींकडून एकटीला गाठून घेतलं जाऊ नये याची काळजी घ्या. वरच्या बैजू प्रकरणातलं बनावट शपथपत्र आठवा.

शिस्तपालन_जबलपूर:

तडजोडीचं आणखी एक. तक्रार एकदा दाखल झाली की ती तुमच्या आणि वकिलांच्या दोघांतली राहत नाही. तक्रारदाराने मागे घेतली किंवा समेट झाला, एवढ्याच कारणावरून चौकशी बंद करता येत नाही, असा नियम आहे. प्रत्यक्षात तक्रारदार साक्षीला आला नाही की प्रकरण कमजोर पडतं, हे खरं. पण "पैसे द्या, मागे घेतो" असा सौदा तोंडीही करू नका. तो रेकॉर्ड झाला तर तुमच्यावरच उलटेल.

कामकाज असं चालतं. तक्रार आल्यावर कौन्सिल वकिलांकडून उत्तर मागवू शकते, तुमच्याकडून जादा तपशील मागवू शकते, आणि मग प्रथमदर्शनी दम आहे का ते पाहते. पोस्टमनसारखी नुसती पुढे ढकलता येत नाही, गुजरात बार कौन्सिलच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं आहे. दम दिसला तर तीन जणांच्या शिस्तपालन समितीकडे जाते: दोन कौन्सिलचे सदस्य, एक बाहेरचा अनुभवी वकील. नोटीस वकिलांना आणि महाधिवक्त्यांना जाते. समितीला दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत: समन्स, शपथपत्रावर साक्ष, सरकारी रेकॉर्ड मागवणं, साक्षीसाठी कमिशन नेमणं. मावशींची मुख्य साक्ष शपथपत्रावर होईल. उलटतपासणीला हजर राहावं लागतं, पण वय आणि तब्येतीचे कागद जोडून इंदुरातच कमिशनवर साक्ष घ्यावी असा अर्ज करा. तो लवकर करा, समितीच्या पहिल्या तारखेलाच. नाही मंजूर झाला तर ओव्हरनाइट एक्स्प्रेसने जाऊन दुसऱ्या रात्री परत येता येतं, बरोबर कोणीतरी असावं.

तारखा चुकवू नका. गैरहजेरीत समिती एकतर्फी चालवू शकते, दोन्ही बाजूंना हे लागू आहे. एकतर्फी आदेश हटवायचा तर ६० दिवसांत शपथपत्रासह अर्ज करून सबळ कारण दाखवावं लागतं.

किती वर्षं? कलम ३६-ब म्हणतं एका वर्षात निकाल लागला पाहिजे, तक्रार मिळाल्याच्या तारखेपासून मोजून. नाही लागला तर प्रकरण आपोआप दिल्लीला, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. वरचं सक्सेना प्रकरण असंच गेलं होतं. २०२१ मध्ये के. अंजिनप्पा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वर्षाची ही मुदत पाळा, असं सगळ्या कौन्सिलना बजावलं. तरीही "आपोआप" हा शब्द कागदावरच राहतो, फाइल कोणीतरी हलवावी लागते. म्हणून तक्रारीच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या, आणि वर्ष भरताच रेकॉर्ड दिल्लीला पाठवावं असा लेखी अर्ज जबलपूरला द्या, प्रत दिल्लीला.

कौन्सिलने सुरुवातीलाच "दम नाही" म्हणून तक्रार बंद केली तर बहुतेकांना वाटतं संपलं. तसं नाही. समितीच्या आदेशावर अपील असतं, पण या टप्प्यावरच्या निर्णयाला अपील नाही, म्हणून कलम ४८-अ प्रमाणे बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे पुनरीक्षण अर्ज करता येतो. बंद केल्याचा आदेश लेखी मागा, कारणांसह.

ग्वाल्हेर_नयाबाजार:

एक सावधगिरी. वकिलांचं नाव फेसबुकवर, सोसायटीच्या ग्रुपवर, गुगलच्या शेऱ्यांत टाकू नका. योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार अब्रुनुकसानीत येत नाही, पण ग्रुपवरच्या मजकुराला ते संरक्षण मिळणं कठीण. चांगल्या तक्रारदारांना नंतर खटल्यात अडकवायला हीच फट वापरतात. मावशींच्या नातेवाइकांनाही सांगून ठेवा.

अनघा_सुदामानगर:

समजलं. हिशेबाचं पत्र आजच करते, पैसे थांबवण्याचा अर्जही. शेवटचं एक: समजा नाव काढण्याचा आदेश झाला, तर तो लगेच लागू होतो का? ते अपील करून प्रॅक्टिस चालूच ठेवतील अशी भीती आहे.

शिस्तपालन_जबलपूर:

आदेशाविरुद्ध ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील (कलम ३७), तिथून पुढे ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात (कलम ३८). नुसतं अपील दाखल केल्याने आदेश थांबत नाही, वेगळी स्थगिती मागावी लागते (कलम ४०). स्थगितीच्या अर्जावर तुम्हालाही ऐकून घ्यावं म्हणून अपील लागताच तिथे हजर व्हा, दूर आहे म्हणून सोडू नका. शिक्षा कमी वाटली तर अपील तुम्हीही करू शकता, आणि तिथे शिक्षा वाढू शकते. बैजू प्रकरणात ती शेवटच्या पायरीवर वाढली.

शिवाय समितीकडे फेरविचाराचा अर्जही येऊ शकतो (कलम ४४, ६० दिवस). राज्याच्या समितीने फेरविचारात आदेश बदलला तरी बार कौन्सिल ऑफ इंडियाची मंजुरी मिळेपर्यंत तो लागू होत नाही. राजस्थानचं शंभू राम यादव प्रकरण वाचा. वकिलांनी न्यायाधीशाला देण्यासाठी १०,००० रुपयांची सोय करा, असं पत्र पक्षकाराला लिहिलं होतं. राज्याने दोन वर्षांचं निलंबन दिलं, दिल्लीने नाव काढलं, मग दिल्लीनेच फेरविचारात नुसती समज दिली, आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाव काढण्याचा आदेश पुन्हा कायम केला. तक्रारदार मध्येच थकला असता तर समजेवरच संपलं असतं.

आदेश लागू झाला की रोलवर नोंद होते आणि सनदेचं प्रमाणपत्र परत मागवलं जातं (कलम ४१). त्यानंतरही कोणी वकिली केली तर कलम ४५ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. निलंबन झालं असेल तर त्या काळात देशातल्या कोणत्याही कोर्टात उभं राहता येत नाही, नुसतं इंदुरात नव्हे. आदेशाची प्रमाणित प्रत मिळाली की ती तुमच्या दाव्याच्या कोर्टात दाखल करा. दुकानाचा दावा तोवर चालूच असेल, आणि त्याच रेकॉर्डवर जुना वकालतनामाही आहे.